खाऱ्या वाऱ्यातली बिनब्रँडची कार्बन फ्रेम: रत्नागिरीतलं एक प्रकरण

रत्नागिरीतले एक माध्यमिक शिक्षक. उंची १७४ सेंमी, वजन ७२ किलो. आठवड्याला दीडेकशे किलोमीटर सायकल: रोज भाट्याचा पूल ओलांडून पावसच्या बाजूला, रविवारी आरे-वारेवरून गणपतीपुळं, आणि वर्षाकाठी दोन-तीन २०० किमीच्या ब्रेव्हे (ठरलेल्या मुदतीत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या फेऱ्या), ज्यांना १३ तास ३० मिनिटांची मुदत असते. सायकल ॲल्युमिनियमची, पाच पावसाळे काढलेली. सीट ट्यूब (सीटखालची उभी नळी) आणि टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) यांच्या जोडाशी केसाएवढी रेघ दिसली. आधी रंगाचा चरा वाटला, पण नख फिरवल्यावर नख अडकलं. बाटलीच्या स्टँडच्या बोल्टांभोवती रंग फुगलेला होता आणि खाली पांढरी भुकटी साचली होती.

गावात वेल्डिंगवाले चिक्कार, पण हे काम त्यांचं नव्हे. सायकलच्या ॲल्युमिनियम फ्रेमची ताकद वेल्डिंगनंतर केलेल्या उष्णता-प्रक्रियेतून येते. पुन्हा वेल्ड मारला की त्या भागाची ताकद उतरते, आणि भेग आज ना उद्या शेजारीच उघडते. फ्रेम बाद झाली होती. बाकी सगळं धडधाकट: शिमानो १०५ चा ११ स्पीड गिअरसंच (आर७०२०), हायड्रॉलिक डिस्क ब्रेक, ५०-३४ दात्यांचा क्रँक (पेडलकडची चक्रं), मागे ११-३४ ची कॅसेट (मागच्या चाकाची दातेरी चक्रं), ॲल्युमिनियमच्या रिमची चाकं. याच दर्जाची नवी कार्बन सायकल घ्यायची तर खर्च बराच वर जात होता. म्हणून नुसती फ्रेम घेऊन जुने भाग तिच्यावर चढवायचं ठरलं.

वजन घटवायला कोणी हा उद्योग करणार असेल तर आधीच सांगितलेलं बरं. जुनी फ्रेम १,४५० ग्रॅम होती, नवी १,१२० भरली. स्वार आणि सायकल मिळून ८० किलोच्या पुढे असताना ३३० ग्रॅमनी आंबा घाटात काही फरक पडत नाही. फरक पडला तो ३२ मिमी टायर बसण्याने, आणि ते बाकी खरंच जाणवतं.

बिनब्रँड म्हणजे नेमकं काय

चीनमधल्या शियामेन, शेनझेन आणि आसपासच्या कारखान्यांचे स्वतःचे साचे असतात. एकाच साच्यातून निघालेली फ्रेम पाच विक्रेते पाच नावांनी विकतात, कोणी नाव न घालता विकतात. फ्रेम वाईटच असेल असं नाही, पण तिच्यामागे कोण उभं आहे ते कळत नाही, हा खरा प्रश्न.

विक्रेते ‘टी८००’, ‘टी१०००’ असे आकडे नाचवतात. ही तोरे या जपानी कंपनीच्या कार्बन धाग्यांची नावं. टी७०० चा ताठपणा २३० गिगापास्कल, टी८०० चा २९४. आकडे खरेच आहेत, पण फ्रेमच्या कुठल्या थरात कुठला धागा किती आणि कोणत्या कोनात घातलाय ते बाहेरून दिसत नाही. वरचं विणकामासारखं दिसणारं कापड बहुतेक वेळा शोभेचं. त्यापेक्षा एकच कागद मागावा: आयएसओ ४२१० या सायकल-सुरक्षेच्या मानकानुसार त्याच मॉडेलच्या फ्रेमचा आणि फोर्कचा (पुढचं चाक धरणारा दुभंगलेला भाग) चाचणी अहवाल. त्यात पेडल मारल्यासारखा भार १ लाख वेळा देऊन फ्रेम तपासतात. अहवालावरचा मॉडेल क्रमांक आणि आपण मागवतोय तो क्रमांक एकच हवा. या प्रकरणात पहिल्या विक्रेत्याने पाठवलेला अहवाल दुसऱ्याच फ्रेमचा निघाला. त्याच्याशी बोलणं तिथंच थांबवलं.

मागणी काय लावली

कोकणात फ्रेम निवडायची ती भोकं आणि जोड बघून. आकार, वारा कापणं, रंग हे सगळं नंतर. पावसाळ्यात पाणी या भोकांतूनच आत शिरतं आणि मीठ जोडांवर बसतं. शिवाय ऑगस्टात काही बिघडलं तर सुटा भाग कुरियरने तीन दिवसांत यायला हवा, चीनहून तीन आठवड्यांनी नव्हे.

म्हणून बॉटम ब्रॅकेट (क्रँकच्या दांड्याची बेअरिंगं बसतात ती जागा) आटे असलेला, ६८ मिमीचा, बीएसए प्रकारचा मागितला. प्रेस-फिट प्रकारात बेअरिंगचा कप कार्बनच्या भोकात दाबून बसवतात. भोक अर्ध्या केसाने जरी मोठं असलं तरी कटकट सुरू होते, आणि तो काढायला-बसवायला वेगळी हत्यारं लागतात. बीएसए कप कुठल्याही बऱ्या सायकल दुकानात मिळतो आणि एका पान्याने निघतो.

वायर आणि ब्रेकचे होज (तेलाच्या नळ्या) हेडसेटमधून (हँडल ज्यांवर वळतं ती वरची-खालची बेअरिंगं) आत जाणाऱ्या फ्रेमला नकार दिला. दिसायला त्या देखण्या असतात, पण खालचं बेअरिंग बदलायचं तर ब्रेकचे होज सोडायचे, पुन्हा जोडायचे, तेल भरायचं. जिथे हे बेअरिंग दर पावसाळ्यानंतर तपासावं लागतं तिथे ही देखणेपणाची हौस महागात पडते. होज डाऊन ट्यूबच्या (खालची तिरपी नळी) बाजूने आत जाणारी फ्रेम निवडली.

सीटपोस्ट (सीटची दांडी) गोल, २७.२ मिमीचा. क्लॅम्प बाहेरचा. मागच्या डिरेलरचा (चेन गिअरांवर सरकवणारा भाग) हँगर त्या फ्रेमपुरताच असतो, म्हणून दोन जादा. थ्रू-ॲक्सलचीही (चाकांचे आरपार जाणारे आस) जादाची एक जोडी: १२ मिमीच्या ॲक्सलचे आटे १.०, १.५ आणि १.७५ अशा तीन पिचचे (दोन आट्यांमधलं अंतर, मिमीत) येतात, लांबीही वेगवेगळी, त्यामुळे जुन्या सायकलचे ॲक्सल चालतील हे गृहीत धरू नये.

मापावरून थोडी हुज्जत झाली. उंची ऐकून विक्रेत्याने ५२ नंबर सुचवला. उंचीवरून फ्रेम घेणं म्हणजे वयावरून चप्पल घेणं. जुन्या सायकलचा स्टॅक (बॉटम ब्रॅकेटपासून हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या नळीच्या, माथ्यापर्यंतची उंची) ५६० आणि रीच (त्याच दोन जागांमधलं आडवं अंतर) ३८० मिमी होता, स्टेमखाली (हँडल धरणारा तुकडा) २० मिमी स्पेसर (उंची वाढवणाऱ्या कड्या), स्टेम १०० मिमी, आणि त्यावर शिक्षकांची पाठ खूश होती. नव्या ५२ चा स्टॅक ५३३, म्हणजे हँडल त्याच उंचीवर आणायला ४७ मिमी स्पेसर लागले असते. कार्बनच्या स्टिअरर नळीवर (फोर्कची हँडलपर्यंत वर जाणारी नळी) इतकी उंची घेऊ नये, साधारण ३० मिमीपर्यंत राहावं. ५४ चा स्टॅक ५५० आणि रीच ३८४. तिथे ३० मिमी स्पेसरमध्ये काम भागतं. हेड ट्यूब मागे कललेली असल्यामुळे दर १० मिमी उंचीला रीच साधारण ३ मिमी घटतो. म्हणजे जुन्या उंचीवर ५४ चा रीच ३८१ होतो, जुन्यापेक्षा जेमतेम एक मिमी जास्त. स्टेमही तोच चालला. ५४ मागवली.

पैसे आणि पार्सल

फ्रेम, फोर्क, सीटपोस्ट आणि हेडसेट मिळून आकडा ४२ हजारांचा दिसत होता. दारात येईपर्यंत तो ७० हजारांच्या घरात गेला. वाहतुकीचा दर खोक्याच्या आकारावर लागतो: ९५ × ६२ × २४ सेंमीचं खोकं, त्याला ५,००० ने भागलं की २८ किलो भरतं, आत माल चार किलोसुद्धा नसला तरी. जकात नुसत्या मालावर बसत नाही, माल अधिक वाहतूक अधिक विमा अशा बेरजेवर बसते. आधी मूळ सीमाशुल्क, त्यावर अधिभार, आणि या सगळ्यावर आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी). दर बदलत असतात, म्हणून मागवण्याच्या आठवड्यातच ते बघून घ्यावेत. स्वतःच्या वापरासाठी आयात परवाना क्रमांक लागत नाही, पण कुरियरला ओळखीची कागदपत्रं द्यावी लागतात. ती आधीच अपलोड केली नाहीत तर पार्सल मुंबईला अडकून पडतं.

‘किंमत ५० डॉलर लिहू का?’ असं विक्रेता प्रेमाने विचारतो. नको म्हणावं. सीमाशुल्क विभाग किंमत स्वतः ठरवू शकतो, दंड वेगळा, आणि खोकं हरवलं तर भरपाईही लिहिलेल्या ५० डॉलरचीच मिळते.

खोकं उघडल्यावर

उघडतानाचा सलग व्हिडिओ काढला. वॉरंटी कागदावर दोन वर्षांची असली तरी फ्रेम परत पाठवायचा खर्च आपल्याच अंगावर येतो. म्हणून दोष पहिल्याच दिवशी, एकही भाग न चढवता शोधायचे.

बॉटम ब्रॅकेटचा कप बोटांनी फिरवून पाहिला. उजव्या, म्हणजे चेनच्या बाजूचे आटे उलटे असतात: घट्ट करायला घड्याळाच्या उलट दिशेने फिरवायचं. पहिले तीन-चार फेरे नुसत्या बोटांनी गेले पाहिजेत. उजवा गेला. डावा दीड फेऱ्यावर अडकला. तिथे जोर लावला असता तर आतल्या ॲल्युमिनियमच्या नळीचे आटे गेले असते. टॉर्च मारली तर आट्यांत रंगाचा थर दिसला. दात घासायच्या जुन्या ब्रशने आणि लाकडी काडीने खरवडून काढल्यावर कप अलगद गेला.

हेडसेटची बेअरिंगं अंगठ्याने दाबली की जागेवर बसायला हवीत. हातोडी लागत असेल किंवा बेअरिंग आत डगमगत असेल तर फ्रेम परत. फ्रेम सरळ आहे का ते दोऱ्याने कळतं: मागच्या एका ड्रॉपआउटपासून (चाकाचा आस बसतो ती जागा) हेड ट्यूबला वळसा घालून दुसऱ्या ड्रॉपआउटपर्यंत दोरा ताणायचा आणि सीट ट्यूबपासून दोन्ही बाजूंचं अंतर मोजायचं. फरक एक मिमी आला, चालण्याजोगा.

मग नाणं. रुपयाच्या नाण्याने नळ्यांवर बोटभर अंतरावर हलकेच टकटक करत जायचं. चांगल्या जागी आवाज कोरडा, टणक येतो. थर सुटलेला असेल तर तोच आवाज अचानक बोदा होतो, पिकलेल्या फणसावर टिचकी मारल्यासारखा. जोडांपाशी जाडी वाढल्याने आवाज बदलतोच, त्याला घाबरू नये. तीच जागा दुसऱ्या बाजूला वाजवून ताडून बघावी.

सगळ्यात जास्त वेळ फोर्कच्या स्टिअरर नळीला दिला. गावातले जुने मिस्त्री फोर्कला चिमटा म्हणतात, आणि चिमटा तुटला की स्वार तोंडावर पडतो. नळीच्या आत टॉर्च सोडून खालच्या वळणापाशी, जिथे नळी जाड होत जाते, तिथे बघायचं. साच्यात नळीच्या आत फुगवतात त्या फुग्याच्या प्लास्टिकचा तुकडा चिकटलेला होता, तो ओढून काढला. एक बारीक सुरकुती होती, राळेची, वरवरची. नख सरकवलं तर अडकलं नाही. नळीत आरपार आडवी घडी पडलेली दिसली असती तर फोर्क वापरायचाच नाही, मग विक्रेता काहीही म्हणो.

जोडणी

स्टिअरर एकदाच कापला जातो, म्हणून आधी २० मिमी जास्त ठेवून महिनाभर चालवली आणि मगच शेवटचा काप घेतला. हिशेब असा: कव्हरसकट हेड ट्यूब, त्यावर ३० मिमी स्पेसर, स्टेमची उंची, स्टेमच्या वर ५ मिमीचा एक स्पेसर, आणि या बेरजेतून ३ मिमी वजा. वरचा ५ मिमीचा स्पेसर वाचवायचा मोह होतो, पण त्याच्यामुळे स्टेमची पकड पूर्ण नळीवर बसते, नळीच्या काठावर येत नाही. इंचाला ३२ दात्यांचं पातं, कापायच्या जागी चिकटपट्टी, पाणी सोडत सोडत, तोंडाला मास्क. कार्बनची पूड फुफ्फुसात जाऊ देऊ नये. कापलेल्या तोंडाला इपॉक्सीचा पातळ हात दिला. आत लोखंडी स्टार नट कधीच ठोकायचा नाही. दाबून पसरणारा प्लग बसवायचा, तोही स्टेमच्या बोल्टांच्या बरोबर मागे येईल असा.

मागच्या ब्रेकचा होज चेनस्टेमधून (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) वर आणायला तंगूस कामी आली. मासे गळाने धरायची नायलॉनची दोरी कोकणात घरोघरी. तिच्या टोकाला कापसाचा बोळा बांधून दुसऱ्या तोंडाला व्हॅक्यूम क्लीनर लावला की दोन मिनिटांत आरपार. मग तंगुशीला होज बांधून ओढायचा. होजवर फोमची नळी आधीच चढवावी, नाहीतर खड्ड्यांत फ्रेम आतून खुळखुळ्यासारखी वाजते. होज कापल्यावर जुनं ऑलिव्ह आणि इन्सर्ट (होजच्या टोकावरची कडी आणि आतली बारीक नळी) पुन्हा वापरू नये. तेल शिमानोचं मिनरल ऑइल. मोटरसायकलचं डॉट ऑइल घातलं तर आतली सीलं खराब होतात.

काम अडलं ते मागच्या कॅलिपरवर (डिस्कवर पॅड दाबणारा ब्रेकचा भाग), दोनदा.

पहिलं कारण किरकोळ. कॅलिपरचे बोल्ट चेनस्टेच्या आरपार जातात आणि त्यांची लांबी चेनस्टेच्या जाडीवर ठरते: जाडी अधिक साधारण १३ मिमी. इथे जाडी २५ मिमी, म्हणजे ३८ मिमीचा बोल्ट हवा, आणि जुन्या सायकलचे ३३ चे होते. ते लागल्यासारखे वाटतात, पण कॅलिपरमध्ये फक्त दोन-तीन आटे पकडतात, आणि ब्रेकच्या बाबतीत ते अजिबात पुरत नाही. बोल्ट यायला आठवडा गेला.

दुसरं कारण मात्र दिवसभर डोकं खाऊन गेलं. चाक फिरवलं की दर फेऱ्याला ‘श्श’ असा आवाज. लिव्हर दाबून धरून बोल्ट आवळायची नेहमीची युक्ती केली तर आवाज जातो, दोन ब्रेक मारले की परत येतो. डिस्क सरळ होती. शेवटी कॅलिपर काढून माउंटवर (फ्रेमवरची त्याची बैठक) पोलादी फूटपट्टी आडवी धरली आणि मागून टॉर्च मारली. पट्टीखाली एका बाजूला उजेडाची चीर दिसली. बाहेरच्या कडेला रंगाचा थर साचला होता, त्यामुळे कॅलिपर आत कलत होता आणि पॅडची एक कड डिस्कला घासत होती. पॅड आणि डिस्कमधली फटच मिलिमीटरच्या अंशाची, तेवढा कल पुरतो.

यासाठी माउंट सपाट करायचं खास हत्यार असतं. रत्नागिरीत ते नव्हतं, आणि तेवढ्यासाठी आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायची तयारी नव्हती. जास्तीचा भाग नुसता रंगाचा असल्यामुळे लाकडाच्या सपाट ठोकळ्याला ४०० नंबरचा पाणकागद लावून, ओला करून, दर दहा हातांनी फूटपट्टी लावत उतरवला. काळा धागा दिसायच्या आत थांबायचं. रंगाखाली माउंटच तिरकं निघालं असतं तर मात्र हत्याराशिवाय हात लावायचा नव्हता. कॅलिपर पुन्हा ७ न्यूटन-मीटरला आवळला, आवाज गेला.

बाकीची आवळणी टॉर्क रेंचने (आवळण्याचा जोर मोजणारा पाना), आकडे न्यूटन-मीटरमध्ये. ‘हाताचा अंदाज’ लोखंडी सायकलींवर तयार झालेला असतो, कार्बनला तो पेलत नाही. स्टेमचे बोल्ट ५, सीटपोस्टचा क्लॅम्प ५ आणि तोही कार्बन पेस्ट लावून, ग्रीस नव्हे. डाव्या क्रँकचे दोन बोल्ट १२ ते १४, आलटून पालटून. कॅसेटचं लॉकरिंग ४०. बाटलीच्या स्टँडचे बोल्ट जेमतेम २ ते ३.

पहिला पावसाळा

ऑक्टोबरात उभी राहिलेली सायकल जूनपर्यंत बिनतक्रार चालली. कोकणात खरी परीक्षा त्यानंतर. कार्बन वीजवाहक आहे. त्याला ॲल्युमिनियम टेकलं आणि मध्ये खारं पाणी आलं की छोटी बॅटरीच तयार होते, आणि तीत झिजतं ते ॲल्युमिनियम. बाटलीच्या बोल्टांसाठी फ्रेममध्ये दाबून बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या रिव्हनटांवर हे पहिल्यांदा दिसतं: आधी पांढरी भुकटी, मग बोल्ट सोडवायला गेलं की नटच गरगर फिरतो. म्हणून जोडतानाच बोल्टांना भरपूर ग्रीस, आणि बॉटम ब्रॅकेटच्या आट्यांना अँटी-सीझ (जाम होऊ न देणारी) पेस्ट लावली होती.

ऑगस्टात हँडल वळवताना मधोमध किंचित अडखळायला लागलं. शिक्षकांना वाटलं, वरचा बोल्ट जास्त आवळला गेला. गावातल्या सायकल मिस्त्रीने पुढचं चाक उचलून हँडल एका बोटाने ढकललं आणि म्हणाला, ‘सर, बोल्ट नाही, खालचं गेलंय. पाणी वरून नाही आलं, चाकाने उडवलंय.’ फोर्क खाली ओढला तर बेअरिंगच्या सीलभोवती ओल्या जांभ्यासारखा तांबडा लगदा. आतलं ग्रीस धुऊन गेलं होतं. बेअरिंग बोटांत फिरवलं तर छर्रे वाळूतून चालल्यासारखे वाजत होते.

४० × ५२ × ७ मिमी, दोन्ही कडा ४५ अंशांच्या: हे प्रमाण माप मागणीच्या वेळीच लिहून ठेवलेलं होतं, म्हणून नवं बेअरिंग कुरियरने आलं. होज हेडसेटमधून नसल्याने ब्रेकला हात न लावता अर्ध्या-पाऊण तासात बदललं. बसवताना खालच्या जागेत आणि क्राउन रेसवर (बेअरिंग टेकतं ती फोर्कवरची कडी) मरीन ग्रीसचा जाड थर दिला, होडीच्या इंजिनवाल्यांकडे मिळतं ते.

त्याच दिवशी सीटपोस्ट काढून सायकल उलटी केली तर सीट ट्यूबमधून कपभर पाणी निघालं. बॉटम ब्रॅकेटच्या खाली पाणी जायचं भोक होतं, पण त्यावर पारदर्शक संरक्षक पट्टी चिकटवली गेली होती. खडी उडून रंग जाऊ नये म्हणून जोडणीच्या वेळी हौसेने लावलेली. पट्टीला सुईने नव्हे, पेनच्या रिफिलएवढं भोक पाडलं. फ्रेमला असं भोक मुळातच नसतं तर ड्रिल मारायचा प्रश्नच नव्हता, दर भिजण्यानंतर सीटपोस्ट काढून सायकल रात्रभर उलटी टांगणं एवढाच इलाज उरला असता.

तांबड्या चिखलाचा एक चट्टा चेनस्टेच्या आतल्या बाजूला, टायरला सगळ्यात जवळच्या जागी उमटलेला होता. ३२ चा टायर रुंद रिमवर ३३ भरत होता, आणि चिकट माती उरलेल्या फटीत घुसून पाणकागदासारखी घासत होती. क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) गेला होता, धाग्याला अजून धक्का नव्हता. तिथे जाड पट्टी लावली आणि जून ते सप्टेंबर २८ चे टायर चढवायचं ठरलं.